उचलायचं काय? दुसऱ्या कलावंतांकडून शिकू पाहणाऱ्या नटासाठी

एखादा दमदार प्रयोग बघून आलेला नवा नट दुसऱ्या दिवशी तालमीत लगेच ओळखू येतो. कालपर्यंत सरळ बोलणारा माणूस आज वाक्याच्या मध्येच थांबतो, मान तिरकी करतो, शेवटचा शब्द गिळून टाकतो. प्रेरणा मिळालेली असते यात शंका नाही, पण हाताला लागलेलं असतं ते टरफल. दुसऱ्याच्या अभिनयात आपल्याला दिसतो तो परिणाम. तो ज्या कामातून आला ते काम हुडकून काढलं, तरच आपल्या पोटाला काही लागतं.

रशियन नट-दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीसारखा माणूसही यातून सुटला नाही. इटालियन नट तोमासो साल्व्हिनीने केलेला शेक्सपिअरचा ऑथेल्लो बघून तो भारावून गेला आणि पुढे 1896 मध्ये स्वतः ऑथेल्लो करायला उभा राहिला, तेव्हा साल्व्हिनी त्याच्या मानगुटीवर बसलेला होता. भूमिका पेलली नाही, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. पण त्याच साल्व्हिनीची आणखी एक गोष्ट त्याने टिपली होती: हा माणूस प्रयोगाच्या कितीतरी आधी नाट्यगृहात येतो, थोडी रंगभूषा करतो, मंचावर फेरी मारतो, परत आत जातो, आणखी थोडी रंगभूषा करतो, असं करत करत भूमिकेत शिरतो. साल्व्हिनीची गर्जना उसनी घेता आली नाही. लवकर येऊन हळूहळू भूमिकेत शिरणं मात्र कोणालाही घेता येतं. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका फरकावर उभ्या आहेत.

पहिली पायरी: एकच कलावंत, तीन आठवडे

रोज नव्या माणसाच्या चित्रफिती बघणं म्हणजे मेजवानीत प्रत्येक पानातला एकेक घास खाणं. एक कलावंत धरा आणि त्याला तीन आठवडे द्या. निवडण्याआधी वहीत एक वाक्य लिहा: सध्या आपलं नेमकं काय अडतंय? "अभिनय कच्चा आहे" हे वाक्य कामाचं नाही. "समोरचा बोलत असताना माझे हात कुठे ठेवायचे कळत नाही", "विनोदी वाक्याआधीच माझ्या चेहऱ्यावर हसू येतं", "लांब स्वगतात सहाव्या ओळीनंतर माझा आवाज एकाच पट्टीत अडकतो", असं काहीतरी लिहा. मग ज्याला नेमकं तेच सहज जमतं असा माणूस शोधा.

शक्यतो तुमच्यापेक्षा वेगळी शरीरयष्टी, वेगळं वय, वेगळा आवाज असलेला निवडा. आपल्यासारखाच दिसणारा नट निवडला की नक्कल नकळत सुरू होते आणि ती चपखलही बसते, त्यामुळे कोणी टोकत नाही. साठीच्या नटीकडून पंचविशीच्या नटाला लकबी उचलता येत नाहीत. मग नाइलाजाने काम शोधावं लागतं.

कोणाला निवडावं हे सुचत नसेल तर ज्याचा मनापासून हेवा वाटतो तो निवडा. हेव्याला लाजायचं कारण नाही. आपल्याला काय हवंय हे तो बिनचूक सांगतो.

दुसरी पायरी: तुकडा नीट निवडा

अख्खं नाटक किंवा चित्रपट अभ्यासाला घेऊ नका. 40 ते 60 सेकंदांचा एक तुकडा पुरतो. पण इथेच सगळ्यात जास्त फसगत होते, कारण पडद्यावर दिसणारी प्रत्येक गोष्ट नटाची नसते.

तुकड्यात किती कट आहेत ते आधी मोजा. उत्तर देण्याआधीचा तो जीवघेणा पॉज दोन कटांच्या मधे असेल, तर तो बहुधा संकलकाने घेतलेला आहे. तो तुम्ही तालमीत घेतलात तर नुसता खड्डा पडेल, कारण पडद्यावर त्या वेळात प्रेक्षक दुसऱ्याचा चेहरा बघत होता. म्हणून निदान 20 सेकंद कट नसलेला शॉट शोधा.

मूकपटांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यातले बरेचसे आजच्या सेकंदाला 24 चौकटींपेक्षा कमी गतीने चित्रित झालेले असत, आणि नंतर जास्त गतीने दाखवले की माणसं तुरुतुरु पळताना दिसतात. ती लगबग नटाची नाही, यंत्राची आहे. त्यांच्याकडून कृतींचा क्रम घ्या, वेग घेऊ नका. डब केलेल्या चित्रपटात आवाज दुसऱ्याचा असतो, तेव्हा तिथे वाचिक अभिनयाचा, म्हणजे बोलण्यातल्या अभिनयाचा, अभ्यास करण्यात अर्थ नाही. आणि नाटकाचं चित्रीकरण बघत असाल तर लक्षात ठेवा, तो नट शेवटच्या रांगेसाठी काम करत होता, कॅमेरा मधेच येऊन बसला. तसंच्या तसं कॅमेऱ्यासमोर केलंत तर भडक दिसेल, आणि उलट, कॅमेऱ्यासाठी केलेली पापणीची हालचाल मंचावर तिसऱ्या रांगेच्या पुढे पोचणार नाही.

तिसरी पायरी: पाच वेळा, पाच तऱ्हांनी

पहिल्यांदा नुसतं बघा, वही बंद. दुसऱ्यांदा आवाज बंद करून. तिसऱ्यांदा डोळे मिटून, फक्त ऐकत. चौथ्यांदा अर्ध्या गतीने. पाचव्यांदा ज्याचा अभ्यास करायचा त्याला सोडून समोरच्या पात्राकडे बघा. ही पाचवी वेळ लोक हमखास गाळतात, आणि खरं तर तिथेच उत्तर असतं: बघत होतो तो नट अमुक क्षणी का वळला, हे समोरच्याने काय केलं ते बघितल्याशिवाय कळत नाही.

एक तुकडा कल्पून बघू. बाई टेबलाशी कपड्यांच्या घड्या घालतेय. दारातून आलेला माणूस वाईट बातमी सांगतो. बघून झाल्यावर नवखा वहीत लिहितो: "काय सुंदर दुःख दाखवलंय! डोळ्यांत खोल वेदना." या नोंदीवरून उद्या काहीही करता येणार नाही. उपयोगी नोंद अशी असते:

"बातमीचं वाक्य संपल्यावर दोन घड्या आधीच्याच वेगाने. तिसरी घडी अर्ध्यावर थांबते. श्वास आत, बाहेर सोडलेला दिसत नाही. तो कपडा पूर्ण उलगडून पुन्हा पहिल्यापासून घडी घालते, या वेळी कडेला कड जुळवून, जास्त नीट. माणसाकडे बघत नाही. 'कधी?' एवढाच शब्द, खालच्या पट्टीत, कपड्याकडे बघत. समोरचा एक पाऊल पुढे येतो, तेव्हाच ती घडी गठ्ठ्यावर ठेवते आणि गठ्ठा दोघांच्या मधे सरकवते."

आता दिसतं की ती नटी दुःख दाखवतच नव्हती, बातमी लांब ठेवत होती. "लांब ठेवणे" हे क्रियापद तुमच्या हाताला लागलं. घडी, कपडा, टेबल यातलं काहीही न घेता हे क्रियापद तुम्ही कोणत्याही भूमिकेत नेऊ शकता. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी असं एक क्रियापद लिहिता आलं पाहिजे: आर्जव करणे, बोचकारणे, चाचपणे, झटकणे, पाठीशी घालणे. "उदास असणे" हे क्रियापद नव्हे, ती अवस्था झाली. अवस्था करून दाखवता येत नाही, आणि कोणी करायला गेलं की ते ओढूनताणून होतं.

नोंदींसाठी नाट्यशास्त्रातले अभिनयाचे चार प्रकार हे तयार रकाने आहेत: आंगिक (शरीराचा), वाचिक (बोलण्याचा), आहार्य, सात्त्विक (आतल्या भावाने शरीरावर आपोआप उमटणारा). आहार्य, म्हणजे वेश, रंगभूषा, हातातल्या वस्तू, हा रकाना रिकामा सोडू नका. चालण्यातली ऐट कधी कधी बुटांच्या टाचेतून आलेली असते आणि आपण ती उगाच पाठीच्या कण्यात शोधत बसतो. सात्त्विकाच्या रकान्यात मात्र वेगळा नियम पाळा. अश्रू, कंप, घाम, आवाज फाटणं हे तिथे नोंदवा, पण त्याची तालीम करू नका. त्याच्या आधीच्या दहा सेकंदांत काय घडलं ते लिहा. तालीम करायची ती त्या दहा सेकंदांची.

चौथी पायरी: अंगात घेऊन बघा, मग सोडा

नक्कल वाईट असते असं सरसकट सांगितलं जातं. ते खरं नाही. नक्कल हा अभ्यासाचा टप्पा आहे. ती प्रयोगापर्यंत पोचली की घोटाळा होतो.

पहिल्या दिवशी तो तुकडा जसाच्या तसा करा. श्वास, नजर, वेग, सगळं. दहा वेळा केलात की तुमचं शरीर कुठे अडतंय ते कळेल. जिथे अडतं तिथेच शिकायचं असतं. दुसऱ्या दिवशी बाहेरचं सगळं काढून टाका, फक्त क्रियापद ठेवा आणि तेच संवाद तुमच्या नैसर्गिक आवाजात, तुमच्या उभं राहण्याच्या पद्धतीत म्हणा. मग दोन दिवस त्याला हात लावू नका. पाचव्या दिवशी तुमच्या चालू भूमिकेतला एखादा प्रवेश घ्या आणि त्यात ते क्रियापद घालून बघा. तिन्ही वेळा फोनवर चित्रीकरण करा, पण लगेच बघू नका. पाचव्या दिवशी तिन्ही एकत्र बघा.

मग एका सहकलाकाराला फक्त शेवटचं दाखवा. मूळ कोणाचं ते सांगू नका. "कसं वाटलं?" असंही विचारू नका, कारण उत्तर "छान" असंच येतं. विचारा: "मला समोरच्याकडून काय हवं होतं?" त्याने क्रियापदाच्या जवळपासचं काही सांगितलं तर काम झालं. त्याने मूळ नटाचं नाव घेतलं तर दुसऱ्या दिवसाच्या पायरीवर परत जा.

दोन गोष्टींची नक्कल अभ्यासापुरतीही जपून करा. एक, घोगरा किंवा फाटका आवाज. त्या नटाचा गळा तसाच घडलेला असू शकतो. तुम्ही मात्र तो घसा आवळून काढता, आणि आवळलेल्या घशाने आठवडाभर तालीम केली की आवाज बसतो. दुखायला लागलं की त्याच क्षणी थांबा. दोन-तीन आठवडे आवाज बसलेलाच राहिला तर घशाच्या डॉक्टरांना दाखवा. दुसरी गोष्ट, बोलीभाषा. एखाद्या नटाने वठवलेली बोली ही मुळातच एक नक्कल असते. तिची नक्कल केलीत तर त्याच्या चुका तुमच्या होतात. बोली बोलणाऱ्यांकडूनच ऐका.

नटांच्या पलीकडे

फक्त नटांकडे बघून शिकणाऱ्या नटाला लवकरच सगळे जण सारखे वाटायला लागतात. मग बाहेर पडावं.

शिल्प आणि चित्र यांच्यात वेळ थांबलेला असतो, त्यामुळे वजन कुठे आहे ते निवांत बघता येतं. जर्मन चित्रकर्ती आणि शिल्पकर्ती केथे कोलविट्झ हिचा मुलगा 1914 मध्ये युद्धात मारला गेला. त्याच्या स्मरणार्थ तिने केलेलं आई-वडिलांचं शिल्प 1932 मध्ये उभं राहिलं. आज ते बेल्जियममधल्या व्लाड्स्लो इथल्या दफनभूमीत आहे. दोघंही गुडघ्यांवर. बाप ताठ, दोन्ही हातांनी स्वतःलाच आवळून धरलेला. आई पुढे झुकलेली, खाली गेलेली. एकच दुःख, पण एक शरीर ते आत दाबतंय आणि दुसरं त्याच्या भाराने वाकतंय. छायाचित्र समोर ठेवा, बापाच्या स्थितीत बसा आणि दोन मिनिटं तसेच राहा. श्वास छातीच्या वरच्या भागातच अडकलाय हे जाणवेल. त्या श्वासावर तुमच्या प्रवेशातलं एखादं वाक्य बोला. मग आईच्या स्थितीत जाऊन तेच वाक्य. दोन वेगळी माणसं बोलतील, आणि तुम्ही भावनेबद्दल एक क्षणही विचार केलेला नसेल. पुढे उभं राहून करताना ती स्थिती दिसायला नको, फक्त श्वास टिकला पाहिजे.

गाण्याकडून घ्यायचं ते दुसरंच. शंभर प्रयोगांत एकच वाक्य ताजं कसं ठेवायचं, या प्रश्नाशी ख्याल गायक रोज झुंजतो. विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, एकतालात बारा मात्रांचं आवर्तन, म्हणजे तालाची एक पूर्ण फेरी. बंदिशीचा मुखडा, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी सुरुवातीची ओळ, तोच, सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, तीच, पण समेवर येण्याची वाट दर वेळी निराळी. एखादं ध्वनिमुद्रण घ्या आणि सलग सहा आवर्तनं फक्त मुखडा ऐका: कुठून उचलला, कोणत्या अक्षरावर रेंगाळला, समेच्या किती आधी घाई केली. मग आपल्या लांब संवादातली सम शोधा, म्हणजे तो शब्द ज्यावर वाक्य पडलंच पाहिजे. तो शब्द पक्का ठेवून बाकीची वाट सहा वेळा बदला. बहुतेकांना इथे कळतं की आपण वाट पाठ करून बसलो होतो आणि सम कुठे आहे याचा पत्ताच नव्हता.

नृत्याबद्दल थोडक्यात. नृत्य आणि हालचालींचा अभ्यासक रुडॉल्फ लाबान (1879–1958) याने हालचालीचं वर्गीकरण केलं ते नटांना फार सोयीचं आहे: वजन जड की हलकं, वेळ झटक्याची की सावकाश, दिशा थेट की वळणावळणाची. या तिन्हींच्या जोड्यांतून आठ मूळ हालचाली निघतात. ठोसा म्हणजे जड, झटक्याची, थेट. तरंगणं म्हणजे हलकं, सावकाश, वळणदार. कोणताही नर्तक बघताना एवढ्या तीनच गोष्टी नोंदवा. मग तुमच्या पात्राची नेहमीची जोडी ठरवा आणि पात्र खोटं बोलतं तेव्हा तिन्हींपैकी एकच बदला. एकच. तिन्ही बदलले तर प्रेक्षकाला खोटं आधीच कळतं.

उलटं करून बघणं

घेतलेलं तसंच वापरलं पाहिजे असं नाही. चॅप्लिनने मॅक्स लिंडर या फ्रेंच विनोदी नटाला आपला गुरू मानलं, स्वतःला त्याचा शिष्य म्हणवलं. लिंडर पडद्यावर झकपक कपड्यांतला, उंची टोपी घातलेला शौकीन माणूस. चॅप्लिनच्या भटक्याकडे तोच सभ्यपणा, तीच टोपी उचलण्याची अदब आहे, पण कोट आखूड, विजार ढगळ आणि खिसा रिकामा. रुबाब राहिला, परिस्थिती पालटली, आणि नवा माणूस जन्मला. तुमच्या नोंदीतल्या क्रियापदाखाली एक ओळ सोडा आणि लिहा: हेच जर याच्या उलट परिस्थितीतला माणूस करत असेल तर?

चुकीचं समजलेलंही कधी कधी फळतं. 1935 मध्ये मॉस्कोत जर्मन नाटककार-दिग्दर्शक ब्रेख्टने चिनी नट मेई लानफांग याला बघितलं. स्त्रीभूमिका करणारा हा नट रंगभूषेशिवाय, साध्या पाश्चात्त्य कोटात हालचाली करून दाखवत होता. नट पात्रापासून अंतर ठेवून उभा आहे, असं ब्रेख्टला त्यात दिसलं, आणि त्यावर त्याने आपला विचार पुढे नेला. चिनी परंपरेचे अभ्यासक त्याच्याशी सहमत होतातच असं नाही. तेव्हा आपली नोंद मूळ कलावंताच्या मनातलीच आहे का, या काळजीत फार अडकू नका. ती तुमच्या तालमीत चालते का ते बघा. मात्र दुसऱ्याने रचलेला आख्खा विनोद, गाजलेली खास जागा, एखाद्या कलावंताची ओळखच झालेली हालचाल तशीच उचलणं ही प्रेरणा नव्हे, चोरी आहे, आणि या धंद्यात ती फार दिवस लपत नाही.

तीच भूमिका आधी कोणी केली असेल तर

दोन प्रसंग वेगळे धरा.

नव्याने बसणाऱ्या नाटकात जुनी गाजलेली भूमिका मिळाली असेल, तर संहिता हातात आल्यापासून निदान पहिले तीन आठवडे जुनं चित्रीकरण बघू नका. त्या काळात तुमचे निर्णय ओले असतात आणि त्यांच्यावर दुसऱ्याचा ठसा लगेच उमटतो. भूमिका उभी राहिली की बघायला हरकत नाही. तेव्हा दिसतं की तो नट जिथे वळला तिथे तुम्ही का वळला नाहीत, आणि ते कामाचं असतं. ऑडिशनच्या आदल्या रात्री तर अजिबातच बघू नये.

चालू नाटकात बदली कलाकार म्हणून उभं राहायचं असेल तर मात्र बघावंच लागतं, निदान तीन प्रयोग. वहीच्या पानाचे मधोमध दोन भाग करा. डावीकडे नाटकाच्या मालकीचं: एन्ट्री-एक्झिट कोणत्या विंगेतून, प्रकाशाचा क्यू कोणत्या शब्दावर, कोणती वस्तू कोणाच्या हातात, सहकलाकार कोणत्या वाक्यावर उठतो, हशा कुठे येतो आणि तो ओसरेपर्यंत किती थांबायचं. हे काटेकोर पाळायचं, कारण यातलं काही चुकलं तर दुसऱ्याला लागू शकतं किंवा अंधारात उभं राहावं लागतं. उजवीकडे त्या नटाच्या मालकीचं: सूर, लकबी, डोळे मिचकावणं. हे नोंदवा आणि दिग्दर्शकाला विचारून एकेक खोडत जा. सहकलाकारांना जुन्या सुराची सवय असते, त्यामुळे पहिले काही प्रयोग त्यांची वाक्यं तुमच्यावर जरा तिरकी पडतील. ते सुरळीत होतं, पण "तो असं करायचा" हे वाक्य ऐकण्याची तयारी ठेवा.

जिवंत माणसाकडून

विंगेतून बघायला मिळालं तर सोडू नका, पण रंगमंच व्यवस्थापकाला विचारूनच उभे राहा. ये-जा करण्याची वाट आणि प्रेक्षकांची नजर, दोन्ही टाळून. फोन बंद, कपडे गडद. विंगेतून अभिनय दिसतो त्याहून त्याच्या आधीचं आणि नंतरचं जास्त दिसतं: एन्ट्रीआधीचं अर्धं मिनिट कोण काय करतं, एक्झिट झाल्यावर श्वास कुठे सोडतं, चुकलेल्या वाक्यानंतर आत येऊन चिडतं की पाणी पिऊन पुढचा क्यू ऐकत उभं राहतं.

बोलायची संधी मिळाली तर "तुम्ही हे कसं करता?" असं विचारू नका. या प्रश्नाला कोणाकडेच उत्तर नसतं, मग माणूस भाषण देतो. एका नेमक्या जागेबद्दल विचारा: "दुसऱ्या अंकात पत्र वाचून झाल्यावर तुम्ही ते उलटं का ठेवता?" याला उत्तर असतं, आणि बहुतेक वेळा ते अगदी साधं निघतं, जसं की कागदावर प्रकाश पडून समोरच्याच्या डोळ्यांवर चमकायचा. प्रयोगाआधी तासभर कोणाला गाठू नका. प्रयोगानंतरही एकच प्रश्न. उत्तर मिळालं की आभार मानून निघा, चेहऱ्यावरचा रंग उतरवणाऱ्या माणसाला घरी जायचं असतं.